लिहून द्या, डॉक्टर

शाळेच्या खिचडीत मंगलनं त्या दिवशी दोनदा मीठ घातलं. पोरांनी तोंडं वाकडी केली, मास्तरांनी ताट बाजूला सारलं आणि तिच्याबरोबर स्वयंपाकाला असणारी साखराबाई म्हणाली, “अगं बया, समुद्र वतलास का काय पातेल्यात?” एरवी मंगलनं असं कुणाचं ऐकून घेतलं नसतं. धारूरच्या डोंगराखालच्या त्या गावात तिच्या जिभेला सरपंचसुद्धा वचकून असायचा. पण त्या दिवशी ती शेगडीपुढं मांडीवर फोन घेऊन नुसती बसून राहिली. सकाळी लेकीचा फोन आला होता.

लेक म्हणजे मंजुषा. एकुलती एक, वय चोवीस. नवरा अभिमन्यू आखातात एसी दुरुस्तीच्या कामावर, म्हणून वर्षभरापूर्वी तीही तिकडं गेली होती. लग्नाला पाच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. आता कुठं दिवस गेले होते, दहावा आठवडा चालू होता. आणि नेमकी त्याच आठवड्यात समुद्रापलीकडच्या देशात लढाई पेटली. तिथल्या अणुवीज केंद्राजवळ रॉकेट पडलं, आगीचे लोळ टीव्हीवर दिसायला लागले. वाऱ्याबरोबर विष इकडं येणार, असं मंजुषाच्या बिल्डिंगमध्ये जो तो म्हणत होता.

“दिसत न्हाई, वास येत न्हाई, आई,” मंजुषा फोनवर रडत होती. “पोटातल्या बाळाला पहिलं बाधतं म्हणं. मी काय करू, सांग ना!”

आता मंगलनं काय सांगावं? चौदा वर्षं तिनं नवऱ्याबरोबर कारखान्याच्या पट्ट्यात ऊस तोडला होता. फडात साप निघाला तर काय करायचं, कोयता पायावर बसला तर कशानं बांधायचं, हे ती झोपेतसुद्धा सांगेल. पण जे दिसत नाही, ज्याला वास नाही, त्याच्यापासून लेकरू कुठं लपवायचं? “दारं-खिडक्या लावून बस,” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

सल्ले देणाऱ्यांना मात्र काही अडचण नव्हती. तिथल्या सरकारचा मेसेज आला की सगळं ठीक आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका. दुपारी त्याच सरकारचा दुसरा आला, खबरदारी म्हणून खिडक्या बंद ठेवा. अरे, ठीक आहे तर खिडक्या कशाला? कंपनी म्हणाली, कामावर या. वकिलातीनं कळवलं, शक्यतो घरीच थांबा. शेजारच्या केरळी बाईनं कुठून तरी आयोडीनच्या गोळ्या मिळवल्या आणि मायेनं दोन मंजुषाच्या हातावर ठेवल्या. वरच्या मजल्यावरचा औषध दुकानात काम करणारा माणूस सांगत आला, सरकारनं सांगितल्याशिवाय गिळू नका, गरोदर बाईनं तर नाहीच. तोवर मंजुषा दोन्ही गिळून बसली होती.

इकडं गावात तर सगळेच शास्त्रज्ञ. किराणावाला उत्तरेश्वर म्हणाला, केळी खाऊ घाला, केळ्यानं रेडिएशन निघून जातं. त्याच्याच बायकोनं मोबाइलवर वाचलं होतं की केळ्यातच रेडिएशन असतं. कुणी हळद सांगितली, कुणी गोमूत्र, कुणी जांभळा कांदा उंबऱ्यात ठेवायला सांगितला. मंगल सगळ्यांना “बरं, बरं” म्हणत होती आणि मनात शिव्या घालत होती. पण खरं सांगायचं तर सगळ्यात मोठा मूर्खपणा तिचाच झाला. शाळेच्या कोठीतल्या मिठाच्या पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ असं लिहिलेलं तिनं रोज वाचलं होतं. तिनं लेकीला फोन केला आणि सांगितलं, “मंजे, पाण्यात मीठ घाल चांगलं मूठभर आन् पी. गोळीपेक्षा मीठ बरं.” पोरीनं आईचं ऐकलं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत ओकून ओकून तिचे डोळे लालभडक झाले. अभिमन्यू फोनवर सासूला एवढंच म्हणाला, “मामी, आता काय बी सांगू नका, पाया पडतो तुमच्या.”

मंगलनं फोन ठेवला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

दुसऱ्या दिवशी मंगलच्या आईचा फोन आला. विमलबाई कपिलधारच्या बाजूला राहायची, सत्तरी ओलांडलेली. दर आठवड्याला तीच फोन करायची. मंगल उचलायची, “हां, बरं हाय” म्हणायची आणि ठेवायची. आपणहून आईला फोन लावल्याला तिला एकोणीस वर्षं झाली होती. भांडण म्हणावं तर भांडण नव्हतं. माहेरी लग्नकार्य असलं तर जायची, जेवायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. पण आईजवळ बसायची नाही.

“मंजीचं ऐकलं मी,” विमलबाई म्हणाली.

“हां.”

“मंगल...” म्हातारी जरा थांबली. “मी काय सांगू? माझं सांगणं तुला म्हाईत हाय.”

फोन कानाला तसाच धरून ती उभी राहिली, आणि मग पलीकडून विमलबाईनंच ठेवला.

बंद पडलेली विमानं सुरू झाली त्या दिवशी अभिमन्यूनं मंजुषाला पहिल्या मिळालेल्या विमानात बसवलं. त्याला स्वतःला सुट्टी नव्हती. मंगलचा नवरा रामेश्वर मुंबईला जाऊन तिला घेऊन आला. ट्रॅव्हल्समधून उतरली तेव्हा पोरगी ओळखू येईना, एवढी वाळली होती. मंगल तिला पोटाशी धरायला धावली, तर पारावर बसलेला बंकट ओरडला, “ओ वैनी! लांबून, लांबून! पहिली आंघोळ घाला तिला गावाबाहेर. कोरोनात कसं शाळेत ठिवलतं चौदा दिवस, तसं ठिवू.”

“तुला ठिवते शाळेत!” मंगल कडाडली. “पहिलीच्या वर्गात बसवते, चार अक्षरं तरी शिकशील! रोग हाय का तो, एकाचा दुसऱ्याला लागायला?”

हे ती ठणकावून बोलली खरी. पण घरी आल्यावर तिनंच मंजुषाचे कपडे गुपचूप वेगळ्या बादलीत भिजवले. लागतो का नाही, तिला तरी कुठं माहीत होतं?

त्याच दुपारी दिंद्रुडहून मंजुषाची सासू आली, भामाबाई. धिप्पाड बाई, आवाज खणखणीत, मनानं वाईट नाही. तिनं सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली आणि पाणी पिऊन लगेच मुद्द्यावर आली. “इहीणबाई, मी डॉक्टरला इचारून आले. आपल्या तालुक्याच्या. ते म्हणाले, अशा बायांची लेकरं अधू निपजतात. बिनहाताची, मतिमंद. वेळ घालवू नका म्हणाले. उद्या पिशवी साफ करून घिऊ. सूनबाईचं वय काय गेलं न्हाई, दुसरं व्हईल.”

मंजुषा भिंतीला टेकून बसली होती. ती हळूच म्हणाली, “तिकडच्या डॉक्टरीण म्हणाल्या, काय झालेलं न्हाई. हवा मोजली म्हणं त्यांनी.”

“त्या म्हणणारच! त्यांना धंदा हाय तिथं,” भामाबाई म्हणाली. “जन्मभर अधू लेकरू कोण संभाळणार? त्या डॉक्टरीण?”

मंजुषानं आईकडं बघितलं. मंगलला वाटलं, आता काहीतरी बोलावं. पण ते मिठाचं पाणी तिच्या घशाशी आलं. एकदा सांगून बघितलं होतं, पोरगी मरता मरता वाचली होती. ती म्हणाली, “डॉक्टर म्हणतात तर... बघू तरी दाखवून.”

“मी थकले आई,” मंजुषा म्हणाली. “एक जण म्हणतो ठीव, एक जण म्हणतो काढ. जे काय करायचं ते करा एकदाचं.”

तो दवाखाना तालुक्याच्या बाजारपेठेत होता. मंगल तिथं एकोणीस वर्षांनी पाय ठेवत होती. खाली आता फरशी नवीन होती, भिंतीवर हसऱ्या बाळांची चित्रं होती, पण बाकडं तेच होतं, लोखंडी, हिरव्या रंगाचं, एका कडेला वाकलेलं. तिघी त्यावर बसल्या. मधे मंजुषा, एकीकडं सासू, एकीकडं आई.

“घाबरू नगं,” भामाबाई सुनेला म्हणाली. “चांगला हात हाय त्यांचा. माझी पिशवी बी हितंच काढली. अठ्ठावीस वर्षांची होते. काय झालं मला? धडधाकट हाय.” आणि असं म्हणताना तिचा हात आपसूक गुडघे चोळत होता. मंगलनं ते बघितलं. तिचेही गुडघे तसेच दुखायचे, कंबर तशीच धरायची, चाळिशीच्या आधी केस पांढरे झाले होते.

मंगल चोवीस वर्षांची होती तेव्हा. मंजुषा पाच वर्षांची. फडातून परत आल्यावर अंगावरून पांढरं जायचं, पोट दुखायचं. बाकी काही नाही. इथंच दाखवलं. डॉक्टरांनी मशीन फिरवलं आणि म्हणाले, गर्भाची पिशवी खराब झालीये, आज नाही काढली तर उद्या कॅन्सर. मंगलला दुसरं लेकरू हवं होतं. मुलगा असो, मुलगी असो, मंजीला पाठचं कुणी तरी. ती रडली होती, नको म्हणाली होती. मग तिच्या आईनं, विमलबाईनं, तिचा हात धरून तिला आत नेलं होतं. आईला लेक जिती पाहिजे होती. तेवढंच.

आणि मग पाच-सहा वर्षांमागं चौकशीची माणसं गावात आली. ऊसतोडीच्या बायांच्या पिशव्या एवढ्या कशा निघाल्या, म्हणून सरकारनं पाठवलेली. गावातल्या अकरा बाया देवळात जमल्या. एका बाईनं प्रत्येकीला विचारलं, “कागद आहे का? सोनोग्राफी, रिपोर्ट, काही?” एकीकडंही चिटोरं नव्हतं. काय झालं होतं, कशासाठी काढली, कुणालाच सांगता येईना. डॉक्टर म्हणाले म्हणून. “मग लिहू काय मी?” ती बाई म्हणाली होती, रागानं नाही, हतबलपणे. मंगलच्या नावापुढं तिनं आडवी रेघ मारली. ती रेघ मंगल विसरली नव्हती.

“मंजुषा अभिमन्यू,” नर्सनं हाक मारली.

मंगल उठली, आणि तेव्हा तिचं लक्ष गेलं. तिनं लेकीचं मनगट धरलं होतं. घट्ट, वरून, चार बोटं आणि अंगठा. तिची आई असंच धरून घेऊन गेली होती. मंगलनं चटका बसावा तसा हात सोडला.

“काय झालं?” मंजुषा म्हणाली.

“काय न्हाई. चल तू. आपली आपण चल.”

डॉक्टरांचे केस पिकले होते, पण आवाज तोच, मऊ, समजूत घालणारा. हा माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं, मंगलला वाटलं. त्यांनी मंजुषाचा पासपोर्ट बघितला, तारखा विचारल्या, दोनदा ‘च्च’ केलं. सोनोग्राफी केली. मग खुर्चीत मागं टेकून म्हणाले, “हे बघा ताई, मी तुम्हाला घाबरवत नाही. पण रेडिएशनला औषध नाही. आज केलं तर सोपं, उद्या अवघड. मी माझ्या बहिणीला जे सांगितलं असतं, तेच तुम्हाला सांगतोय.”

बहीण! एकोणीस वर्षांपूर्वीही बहीणच होती. तिचं काही काढलं का हो तुम्ही कधी, असं मंगलच्या अगदी ओठावर आलं.

नर्सनं कागद पुढं सरकवला. “इथं सही करा. आणि नातेवाइकांनी इथं.”

मंजुषानं पेन घेतलं. नर्सनं बोट ठेवलं तिथं ते टेकवलं. थांब म्हणावं, आणि बाळ खरंच अधू निघालं तर? मग जन्मभर लेक म्हणेल, आई, तू अडवलंस. गप्प राहावं, आणि बाळ चांगलं असलं तर? ते तर कधी कळणारच नाही. तिचं तिला कुठं कळलं होतं? एकोणीस वर्षं ती हेच विचारत आली होती, खरंच होता का कॅन्सर, आणि उत्तर देणारा कागद जगात कुठं नव्हता.

“थांब मंजे,” ती म्हणाली.

सगळे थांबले.

“डॉक्टर,” मंगल म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, एवढा बारीक निघाला. “तुमी आता जे बोलला ना, ते लिहून द्या.”

“काय लिहून देऊ?”

“ह्येच. की बाळ अधू हाय. कुठं अधू हाय. किती रेडिएशन लागलं, कशात मोजलं. आन् म्हणून काढतो, असं. खाली तुमची सही, शिक्का, तारीख.”

डॉक्टर हसले. “ताई, असं कुणी लिहून देत नाही.”

“आमची सही घेता ना तुमी? मग तुमची कावून न्हाई?”

“इहीणबाई!” भामाबाई कानाशी फिस्कारली. “डॉक्टरशी असं बोलतेत व्हय? येड लागलं का काय तुमाला?”

“लागलंय,” मंगल म्हणाली. आता तिचा आवाज तिचा होता. “एकोणीस वर्षांमागं लागायला पायजे होतं. डॉक्टर, मी हितंच पिशवी काढून गेलेय. बहिणीसारखं सांगतो, म्हणाला होता तुमी. मला दुसरं लेकरू पायजे होतं. चौकशीवाले आले तर माझ्याजवळ चिटोरं न्हवतं दाखवायला. ही पोरगी तशी हात हलवत जाणार न्हाई हितून. लिहून द्या. तुमी लिहिलं तर मी सोता सही करते, आत्ता.”

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा मऊपणा पातळ झाला. “विश्वास नसेल तर दुसरीकडं जा. उद्या मुलात व्यंग निघालं तर माझ्याकडं येऊ नका. बाहेर पेशंट थांबलेत.”

“म्हंजे तुमी लिहीत न्हाई.”

“मी सांगितलंय तुम्हाला.”

“सांगितलं ते वाऱ्यावर गेलं. मी लिहिण्याचं इचारते.”

नर्स कागदाची कड सरळ करत राहिली. मंजुषानं पेन टेबलावर ठेवलं, त्याचा आवाज झाला. मंगलनं भामाबाईकडं बघितलं. आता ही तांडव करणार, सुनेला ओढून बसवणार, नवऱ्याच्या घरचा हक्क सांगणार, याची तिला खात्री होती, आणि त्याला काय उत्तर द्यायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं.

भामाबाई डॉक्टरांकडं बघत होती. बराच वेळ. मग तो खणखणीत आवाज कुठं गेला कुणास ठाऊक, ती लहान पोरीसारखी म्हणाली, “डॉक्टर, माझी कावून काढली होती? तेवढं तरी लिहून द्या.”

डॉक्टरांनी टेबलावरची घंटी वाजवली. “नेक्स्ट,” ते म्हणाले.

बाहेर आल्यावर तिघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. ऊन मरणाचं होतं. भामाबाई पदरानं तोंड पुसत होती, नुसता घाम होता का काय, देव जाणे. मंजुषा म्हणाली, “आई, म्हणजे ठेवायचं ना मग?”

“ठीव असं मी म्हणत न्हाई, बाळा,” मंगल म्हणाली. “मला बी लई भ्या वाटतंय. खोटं कशाला बोलू? पण नुसत्या भ्यानं काय करायचं न्हाई. मोजून सांगणारं माणूस बघू. मग तू ठरव. ठेवलंस तरी मी हाय, न्हाई ठेवलंस तरी मी हाय.”

“आंबाजोगाईला चला,” भामाबाई एकदम म्हणाली. “मोठ्या सरकारी दवाखान्यात. तिथं कागदाशिवाय पान हलत न्हाई.”

आंबाजोगाईला पोचेपर्यंत एक वाजला. कागदाशिवाय पान हलत नाही, हे मात्र अगदी खरं. केसपेपरच्या रांगेत तास गेला, मग दुसऱ्या रांगेत, मग एका शिपाईमामानं चुकीच्या मजल्यावर पाठवलं. मंगलच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, तेव्हा कुठं एक तरुण डॉक्टरीण समोर आली. डोळ्यांखाली काळं, सकाळपासून खाल्लेलं नसावं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मंजुषा कोणत्या शहरात होती, ते केंद्र किती लांब, घरात किती दिवस, बाहेर किती, सगळं लिहिलं. मग मोबाइलवर काहीतरी शोधलं, कुणाला तरी फोन लावला, इंग्रजीत बराच वेळ बोलली, आकडे विचारून कागदावर मांडले. भामाबाईनं मंगलचा हात कधी धरला, दोघींनाही कळलं नाही.

“तुमच्या शहरात हवा रोज मोजलीये,” डॉक्टरीण शेवटी म्हणाली. “नेहमी असतं त्यापेक्षा काही वाढलेलं नाही. या कारणासाठी गर्भपात करायची गरज नाही.”

“बाळ चांगलं हाय म्हंजे?” भामाबाईनं विचारलं.

“तसं कुठल्याच बाळाचं आज कुणी सांगू शकत नाही, मावशी. ठोके चांगले आहेत. पुढच्या तपासण्या वेळेवर करा. पण त्या आगीमुळं बाळाला काही झालंय, असं म्हणायला काहीही आधार नाही.” मग ती मंजुषाकडं वळली आणि जरा रागावली. “ह्या आयोडीनच्या गोळ्या का घेतल्या न विचारता? दोनानं बहुतेक काही होणार नाही, पण थायरॉइड तपासू. आणि मिठाचं पाणी कुणी सांगितलं?”

“मी,” मंगल म्हणाली. “मी मूर्ख हाय.”

डॉक्टरीण पहिल्यांदा हसली.

“बाई, ह्ये लिहून देता का?” मंगलनं विचारलं. एवढ्यावर सगळं अडलं होतं.

“म्हणजे काय? लिहूनच देणार ना,” डॉक्टरीण म्हणाली, जसं काही त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. तिनं केसपेपरवर अर्धं पान भरून लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

दवाखान्याच्या आवारातल्या कडुलिंबाखाली तिघी बसल्या. मंजुषानं कागद मराठी करून वाचून दाखवला. मग मंगल म्हणाली, “परत वाच.” मग भामाबाई म्हणाली, “तारीख घातली का बघ.” तिसऱ्यांदा वाचताना मंजुषाला रडू फुटलं, पण हे रडणं वेगळं होतं. तिनं अभिमन्यूला फोन लावला आणि पहिलंच वाक्य बोलली, “अहो, ठेवलंय. मी ठेवलंय.” भामाबाई उठून चहा आणायला गेली, आणि जाताना आपल्या पिशवीतला खजूर सुनेच्या मांडीवर टाकून गेली.

मंगल जरा लांब, कट्ट्यावर जाऊन बसली. फोन हातात घेतला. आईचा नंबर लावायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला, दोनदा तिनं घंटी वाजायच्या आतच तोडला.

एका घंटीतच विमलबाईनं उचलला. “मंगल? काय झालं गं? कोण गेलं?” म्हातारीचा आवाज कापत होता. लेक आपणहून फोन करते म्हणजे दुसरं काय असणार?

“कोणी न्हाई गेलं. मंजी चांगली हाय. लेकरू हाय पोटात.”

“हाय? काढलं न्हाई?”

“न्हाई काढलं.”

पलीकडं विमलबाईनं ‘देवा’ म्हटलं. मंगलनं डोळे मिटले.

“आई, त्या डॉक्टरनं तुला बी तसंच सांगितलं होतं का? बहिणीचं?”

“हां,” विमलबाई म्हणाली. “म्हणला, माझी बहीण असती तर मी थांबलो नसतो. मला वाटलं, तू मरशील. मंगल, मला लई भ्या वाटलं होतं गं.”

मंगलला सकाळी मंजुषाच्या मनगटावर दिसलेली आपली बोटं आठवली. एकोणीस वर्षांचा राग तिच्या डोळ्यांवाटे निघून जायला लागला, तिनं तो पुसलाही नाही.

“मला बी आज तसंच वाटलं होतं, आई,” ती म्हणाली. “तुझ्यासारखाच हात धरला होता मी तिचा.”

विमलबाई हुंदके देत होती. मंगलनं तिला रडू दिलं. चहाचे कप घेऊन भामाबाई येताना दिसली, तेव्हा मंगल म्हणाली, “उद्या येते मी. दोन दिवस राहते. तुझ्याजवळ निजते.”